वरचा हँगर

तिचा डावा हात डोक्यावर गेला, बोटांनी हवेतलं न दिसणारं काहीतरी पकडलं आणि कोपर बरगडीशी आणत तो सावकाश खाली उतरला. बाकीच्या अकरा जणींचे हात तेव्हा भलतीकडेच होते. सरांची शिट्टी वाजली.

"थांबा सगळ्या."

शाळेच्या व्यायामशाळेत अकरा मुली जिथल्या तिथे थिजल्या. बारावी, म्हणजे भिंगरी, मूठ पोटाशी धरून तशीच उभी राहिली. सर वळून बघत होते. हे तसं क्वचितच घडायचं. ताई ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम, शिकवताना सर कायम पाठमोरे असत. "मागून बघा, मागून करा," एवढाच त्यांचा मंत्र. दोन महिन्यांत मुलींना सरांच्या मानेवरचा तीळ आणि सदऱ्याबाहेर डोकावणारी कंपनीची पट्टी तोंडपाठ झाली होती. डोळ्यांचा रंग विचारला असता तर बाराच्या बारा जणी नापास झाल्या असत्या.

"हे काय आहे?"

"कुठलं, सर?"

"हेच, जे तू आत्ता केलंस." सरांनी नुसत्या भुवया वर नेऊन दाखवलं.

"ती हालचाल आहे सर. ढगांसारख्या हातांनंतरची."

"ढगांसारख्या हातांनंतर एकेरी चाबूक येतो. दोन महिने तोच येतोय. एकूण हालचाली चोवीस. तुझ्या पंचवीस होतात."

"चोवीसवर एक फुकट, सर," मागून ढापणी पुटपुटली. ढापणी म्हणजे भिंगरीची मैत्रीण. तिचा चष्मा इतका जाड होता की तिनेच स्वतःला हे नाव देऊन टाकलं होतं, दुसऱ्या कुणी द्यायच्या आत. मुली फिसकन हसल्या. सर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. चिडणं त्यांच्या वेगात बसत नसे. मुली पाठीमागे त्यांना कासवसर म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"हे बघ," ते भिंगरीला म्हणाले, "शनिवारी मी आठ जणी निवडणार आहे. क्रीडादिनाला सगळी शाळा बघायला असेल, सगळे पालक असतील. आठ जणींचे हात एका वेळी एका जागी दिसले पाहिजेत. तुझा तोल चांगला आहे. खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगला आहे. ती पंचविसावी सोडलीस तर यादीत तुझं नाव पहिलं. नाही सोडलीस तर नाव नाही. कुणी शिकवलं तुला हे?"

"आत्याने."

"कुठे शिकवतात त्या?"

"लाँड्रीत."

आता मात्र हशा पिकला. सरांनी हात वर करून तो थांबवला.

"त्यांना सांग, चुकीचं शिकवलंय. आणि हे स्वास्थ्यासाठी आहे, हेही सांग. मन शांत, सांधे मोकळे. तू तर कुणाची तरी मान धरून ओढत असल्यासारखी करतेस."

भिंगरी खाली वाकली आणि बांधलेलीच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. कुणाला तिचे कान दिसू नयेत म्हणून. तापले की ते थेट लाल दिव्यासारखे पेटत.

तिला आठ जणींत जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जीव टाकून जायचं होतं. आजवर शाळेच्या प्रत्येक नाटकात ती झाड तरी झाली होती किंवा पडदा ओढणारी तरी. उत्तर येत असून तिने वर्गात कधी हात वर केला नव्हता. तळवे घामाने चिकट व्हायचे आणि जीभ टाळ्याला. आत्याबरोबर हे सुरू केल्यापासून पाय जमिनीवर कसे ठेवायचे ते तिला कळलं. एकदा पाय नीट ठेवले की वरचं सगळं आपोआप जाग्यावर येतं, हा शोध तिला कुठल्याही वहीत सापडला नव्हता. गेल्या सहामाहीपासून तिचा हात वर्गात इतक्यांदा वर जाऊ लागला की गणिताच्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, आता जरा इतरांनाही उत्तरं येऊ दे."

असा हात आता पहिल्यांदाच सगळ्या गावासमोर वर जाणार होता. आणि सर म्हणत होते, तो खाली घे.

*

लाँड्री म्हणजे दारापासून भिंतीपर्यंत पंधरा पावलं. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, दोन्ही बाजूंना वरखाली दोन दांड्यांवर प्लास्टिकच्या पिशव्यांतले कोट, आणि कोपऱ्यात हॉटेलच्या चादरींची गाठोडी. आई-बाबा कामावरून येईपर्यंत भिंगरीचा मुक्काम इथेच. आत्या बाबांची थोरली बहीण. भिंगरी हे नावही तिनेच ठेवलेलं. पोरगी एका जागी दोन मिनिटं ठरत नसे म्हणून.

"काय गं भिंगरे, दप्तर असं का आपटलंस? चावलं का ते तुला?"

"सर म्हणतात वरचा हँगर चुकीचा आहे."

आत्याचा हात थांबला नाही. वाफेचा फुस्कारा सोडत इस्त्री बाहीवरून गेली आणि परत आली.

"कुठले सर?"

"तेच. समोरचे." भिंगरीने हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हेल्थ क्लब होता. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, आणि काचेच्या वरच्या पट्टीवर आडवी, जाडजूड पाटी. रोज सकाळी सातला त्या काचेशी येऊन हेच सर उभे राहत, मागे शिष्यमंडळी. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. शिष्यांना सरांची पाठ दिसायची. सरांचं तोंड दिसायचं ते जगात एकाच माणसाला: रस्त्यापलीकडे इस्त्री तापायची वाट पाहणाऱ्या आत्याला.

सहा वर्षांपूर्वी आत्याची कंबर धरली होती. अकरा वर्षं उभं राहून इस्त्री फिरवल्यावर कंबरेने एके दिवशी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, उभं राहायचं काम सोडा. आत्या म्हणाली, मग बसून करायची इस्त्री तुम्ही आधी शोधून काढा. त्याच दिवसांत तिचं लक्ष समोर गेलं. क्लबचे टॉवेल तिच्याकडेच धुवायला यायचे. ते पोचवायला गेली तेव्हा तिने तिथे बसणाऱ्या बाईंना सहज विचारलं, हे हळूहळू करतात ते मला शिकता येईल का? बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "टॉवेल मागच्या दाराने."

आत्या मागच्या दाराने गेली, टॉवेल ठेवले, परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आपल्याच दुकानात पाय फाकवून उभी राहिली. समोर हात वर गेला की हिचा वर. समोर गुडघा वाकला की हिचा वाकला. नावं कुणी सांगितली नव्हती, म्हणून तिने स्वतःच पाडली: चादर घडी, कॉलर सरळ, गाठोडं सरकवणे. मधेच सर एका बाजूला सरकत जात आणि त्यांचा हात वर पाटीमागे नाहीसा होऊन खाली येई; त्याचं नाव वरचा हँगर. वर्षभरात कंबर इतकी सुधारली की हॉटेलचं गाठोडं ती एकटी उचलू लागली.

समोरून शिकल्यामुळे सगळं उलटं झालं होतं, डाव्याचं उजवं. शाळेत पहिल्याच दिवशी भिंगरी ढापणीवर जाऊन आदळली तेव्हा हे उघड झालं. पण त्याचं दोघींनाही काही वाटलं नाही. "कापड दोन्ही बाजूंनी धुवायचं असतं," आत्या म्हणाली, आणि भिंगरीने आठवड्यात दुसरी बाजूही बसवून टाकली. पंचविसावीचं तसं नव्हतं. ती पंचविसावी आहे हेच आजवर कुणी मोजलं नव्हतं.

"चुकीचा कसा असेल?" आत्याने बाही उलटली. "रोज करतो तो. एक दिवस चुकवत नाही. सर्दी झाली की, तुम्ही शाळेत म्हणता ते बगळ्याचे पंख अर्धेच पसरतो, घाई असली की माकडाला दोनदाच मागे ढकलतो. पण वरचा हँगर? सहा वर्षांत एकदाही नाही चुकवलेला."

"मग शाळेत का नाही करत?"

"ते त्याला विचार."

"सर म्हणाले, तुझ्या आत्याला सांग, हे स्वास्थ्यासाठी आहे. कुणाची मान ओढायला नाही."

आत्या हसली. हसताना तिचे खांदे हलत, आवाज येत नसे.

"हवेत हात कुणी उगीच फिरवतं का गं? समोर कुणीतरी असणारच. कोटवाल्याला विचार म्हणावं."

कोटवाल्याची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ होती. गेल्या वर्षी एक आडदांड गिऱ्हाईक कोटाला पडलेला जुना डाग आत्याच्या माथी मारायला आलं होतं. आवाज चढत चढत गेला आणि त्याने काउंटरवरून तिचं मनगट धरलं. आत्याने ओढून घेतलं नाही, झटकलं नाही. ती एक पाऊल बाजूला सरकली, हात वर गेला, त्याच्या मुठीसकट, आणि कोपर बरगडीशी येत खाली उतरला. दुसऱ्या क्षणी कोटवाला काउंटरच्या अलीकडे, चादरींच्या गाठोड्यात, डोकं खाली पाय वर. आत्या म्हणाली, "पावती आणलीये का?"

तो वरचा हँगर होता. भिंगरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याच संध्याकाळी तिने आत्याला म्हटलं होतं, मला शिकव.

"सोड म्हणतात तो, नाहीतर यादीत घेणार नाहीत," भिंगरी आता हळूच म्हणाली.

आत्याने शर्टाची घडी घातली, ती पसंत पडली नाही म्हणून मोडली आणि पुन्हा घातली.

*

गुरुवारी सकाळी क्लबचे टॉवेल पोचवायचे होते. भिंगरी म्हणाली, मी नेते. आणि नेले ते पुढच्या दाराने.

"ए मुली! टॉवेल मागून!"

"आज पुढून," भिंगरी न थांबता म्हणाली आणि गाठोड्यासकट जिना चढून गेली. मागे खुर्ची करकरली, पण बाई उठल्या नाहीत. त्यांची कंबर बहुतेक धरली असावी.

वरच्या हॉलच्या दाराशी ती उभी राहिली. दहाबारा पाठी तिच्यासमोर होत्या आणि त्यांच्या पलीकडे, काचेशी, सरांची पाठ. सगळं संथ चाललं होतं, टबात बुडवलेल्या कपड्यांसारखं. भिंगरी मनात मोजत होती. सात. आठ. नऊ. दहाला ढगांसारखे हात आले. सर डावीकडे सरकू लागले, एक पाऊल, दोन पावलं, तीन, आणि खिडकीच्या टोकाला पोचले. त्यांचा डावा हात वर गेला.

वर, बाहेरच्या पाटीने झाकलेल्या पट्टीत, एक झडप होती. झडपेला दोरी होती. सरांनी दोरी धरली, कोपर बरगडीशी आणत सावकाश ओढली, झडप उघडली, कोंदट हॉलमध्ये वाऱ्याची झुळूक आली. शिष्यमंडळी तोवर हात हवेत ठेवून थांबली होती. एका आजोबांनी तेवढ्यात पाठ खाजवून घेतली. मग सरांनी एकेरी चाबूक सुरू केला आणि सगळे त्यांच्यामागे हलले.

भिंगरीला हसू फुटलं. ते तिने टॉवेलांत तोंड खुपसून दाबलं. झडप! सहा वर्षांचा वरचा हँगर म्हणजे खिडकीची झडप!

मग तिची नजर काचेतून खाली गेली आणि हसू तिथेच विरलं. रस्त्यापलीकडे, अर्ध्या उघडलेल्या शटरमागे, वाफेत, अ‍ॅप्रन घातलेली आत्या उभी होती. इतकी लहान दिसत होती. तिचा उजवा हात पोटाशी आला होता, मूठ मिटलेली. आत्ताच काहीतरी खाली ओढून आणलेली.

टॉवेल खाली ठेवून भिंगरी जिना उतरली. रस्ता ओलांडायला तिला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

"काय झालं?" आत्याने विचारलं. "तोंड का असं? गरम पाण्यात आटलेल्या स्वेटरसारखं."

"काही नाही."

"काही नाही म्हणजे बरंच काही."

भिंगरीने कोटांच्या पिशव्या सरळ केल्या. त्या सरळच होत्या. मग तिने एका दमात सांगून टाकलं. पाटीमागे झडप आहे. झडपेला दोरी आहे. हॉलमध्ये कोंदट होतं म्हणून सर रोज ती ओढतात. ती हालचाल नाही. कधीच नव्हती. मागचे लोक ती करत नाहीत, नुसते थांबून राहतात.

इस्त्री एका विजारीवर तशीच थांबली. एक क्षण, दोन क्षण. कापडाचा करपट वास येऊ लागला तेव्हा आत्याने ती झटकन उचलली, विजार उजेडात धरून पाहिली. डाग पडला नव्हता, थोडक्यात वाचली होती.

"झडप," ती म्हणाली.

"हो."

"दोरीने."

"हो, आत्या."

समोर वर्ग सुटला होता. लोक खाली उतरत होते, पाण्याच्या बाटल्या हलवत. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. 

"उघडते का?"

"काय?"

"झडप गं. त्याने ओढल्यावर उघडते का?"

"उघडते की."

"आणि कोटवाला पडला होता ना?"

"चांगला चारीमुंड्या चीत."

"मग?" आत्याने विजार दुसऱ्या बाजूला वळवली. "त्याच्याकडे झडप होती, त्याने झडप उघडली. माझ्याकडे माणूस होता, मी माणूस पाडला. यात चुकीचं काय ते मला सांग."

भिंगरी गाठोड्यावर जाऊन बसली.

"शनिवारचं तुझं तू ठरव," आत्या पुढे म्हणाली. आता तिचा आवाज मऊ होता. "संघात जायचं तर सोड तो हँगर. मला काही वाटणार नाही."

"खरंच?"

"वाटेल थोडं. दोन शर्ट इस्त्री केले की जाईल."

*

शनिवारी सर खुर्चीवर बसले होते, मांडीवर कागद. एकेकीने पुढे यायचं, सगळं करून दाखवायचं, बाजूला बसायचं. ढापणीने माकडाला इतक्या जोरात मागे ढकललं की चष्मा उडाला. तरी तिचं बरं झालं. शेवटी भिंगरी.

तिने पाय ठेवले. तळवे कोरडे होते. घोड्याची आयाळ विंचरली, बगळ्याचे पंख पसरले, चिमणीची शेपूट दोन्ही बाजूंनी धरली. व्यायामशाळेत इतकी शांतता होती की बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. ढगांसारखे हात. एक पाऊल, दोन पावलं, तीन. सरांनी पेन कागदाला टेकवलं होतं.

तिचा डावा हात वर गेला.

सरांनी शिट्टी वाजवली नाही. तिला शेवटपर्यंत करू दिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ऐकलं नाहीस."

"ऐकलं, सर. केलं नाही."

मुलींमधून एक बारीक आवाज निघाला, फुग्यातून हवा गेल्यासारखा.

"हे ताई ची नव्हे," सर म्हणाले.

"माझं मनगट धरा, सर."

"आपण इथे मारामारी शिकत नाही."

"मारामारी नाही सर. नुसतं धरायचं."

सरांनी मुलींकडे पाहिलं. बावीस डोळे त्यांच्यावर रोखलेले. ते उठले आणि ताप बघावा तसं दोन बोटांत तिचं मनगट धरलं.

"असं नाही. तुमच्या कोटावर डाग पडलाय आणि मी ऐकून घेत नाहीये."

ढापणी खिदळली. सरांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मग त्यांनी मूठ आवळली, खरीखुरी. भिंगरी बाजूला सरकली; झटका नाही, घाई नाही. तिचा हात वर गेला आणि त्यामागे सरांचा हात, खांदा, टाचा असं सगळंच वर गेलं. तिने मनगट वळवलं, कोपर बरगडीशी आलं, वजन खाली बसलं. सरांचा एक गुडघा फरशीला टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.

कुणी हसलं नाही. सर गुडघ्यावरच होते. ते तिच्या मुठीकडे पाहत होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

या वेळी ते पाय रोवून उभे राहिले, दोन्ही टाचा जमिनीत गाडल्यासारख्या. पुन्हा तोच गुडघा टेकला.

ते उठले, विजार झटकली. श्वास जरा चढला होता. भिंगरीने पहिल्यांदाच पाहिलं की त्यांचे डोळे घारे आहेत.

"कुठे पाहिलंस तू हे?"

"मी नाही पाहिलं. आत्याने पाहिलं. रस्त्यापलीकडून."

"काय पाहिलं?"

"तुम्हाला, सर. रोज सकाळी सातला. सहा वर्षं."

सरांचा डावा हात आपणहून वर निघाला. खांद्यापर्यंत आला, तिथे अडला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं, आणि तो खिशात घातला.  मग खुर्चीशी गेले, टोपण काढलं, लिहिलं आणि यादी वाचली. पहिलं नाव भिंगरीचं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ढापणीने शिट्टी घातली, सरांच्या शिट्टीपेक्षा मोठी. तिचं नाव तिसरं होतं.

टाळ्या थांबल्यावर सर भिंगरीला म्हणाले, हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात, "पण त्या दिवशी चोवीसच. सगळ्यांसमोर मी पंचवीस दाखवू शकत नाही. लोकांना काय सांगू?"

भिंगरीच्या डोळ्यांसमोर अख्खं मैदान येऊन गेलं. खुर्च्यांच्या रांगा, आई-बाबा, पहिल्या ओळीत मधोमध ती. किती मोठं होतं ते मैदान!  तिने पायांकडे पाहिलं. ते होते तिथेच होते.

"मग माझ्या जागी दुसरी कुणी घ्या, सर," ती म्हणाली. "मी पंचवीसच करते."

"अगं, एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

"हो, सर. म्हणूनच."

ती भिंतीशी जाऊन बसली. तिने दप्तर मांडीवर घेतलं. सरांनी नववी मुलगी पुढे बोलावली. आठ जणी दोन रांगांत उभ्या राहिल्या, सर त्यांच्यापुढे जाऊन पाठमोरे झाले आणि मोजू लागले.

"एक."

भिंगरी दप्तराच्या पट्ट्याशी खेळत होती. तिच्यासमोर कुणाचे तरी बूट येऊन थांबले. तिने वर पाहिलं. ढापणीने चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि उघड्या, मिचमिचत्या डोळ्यांनी ती भिंगरीच्या जरा डावीकडे बघत होती.

"धर," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "आणि मग मला दाखव. हळू हं, मला दिसत नाहीये."

"तू रांगेत आहेस ना?"

"होते."

"दोन," सर म्हणाले.

भिंगरी उठली. दप्तर घसरून खाली पडलं. तिने ढापणीचं मनगट धरलं.

"हात ओढू नकोस. आधी पाय. बाजूला सरक."

"कुठल्या बाजूला?"

"कुठल्याही. दोन्ही चालतात."

"तीन."

ढापणी सरकली, अडखळली, भिंगरीच्या अंगावरच आली आणि दोघी भिंतीला धडकल्या. हसू दाबायच्या नादात आणखी मोठं फुटलं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली लांब वेणीवाली येऊन उभी राहिली आणि तिच्यामागून एक निवड न झालेली, बाही सरसावत.

"माझा नंबर कधी?" वेणीवालीने कुजबुजत विचारलं. "माझा दादा रोज माझं मनगट पिरगाळतो."

"चार," सर म्हणाले.

भिंगरीने वेणीवालीचे खांदे धरून तिला नीट उभं केलं. पाय थोडे लांब. गुडघे मोकळे. श्वास घे. पाचचा आकडा यायला हवा होता. तो आला नाही. व्यायामशाळेत एकाएकी फार शांत झालं, आणि मागे फरशीवर सरांच्या मऊ तळव्यांच्या बुटांची दोन-तीन पावलं तिच्या दिशेने वाजली.

भिंगरीने वळून पाहिलं नाही. तिच्यासमोर तिघी उभ्या होत्या.